दोन दारांमधली फट

काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळातल्या ‘डस्ट टू’ या नकाशाच्या मधोमध एक लांब उतार आहे आणि उताराच्या तळाशी दारांची एक जोडी. ती दारं नीट मिटलेली नसतात. दोन फळ्यांमध्ये एक उभी फट राहून गेलेली असते. ‘वन पॉइंट सिक्स’ या जुन्या आवृत्तीत हल्लेखोरांपैकी एकजण फेरी सुरू झाल्याझाल्या वरच्या टोकाला उभा राहायचा, स्नायपर रायफलची दुर्बीण त्या फटीवर रोखायचा आणि थांबायचा. पलीकडे बचाव करणाऱ्यांना ‘बी’ या बाँबच्या ठाण्याकडे लवकर पोचायचं तर फटीमागून धावत जाण्यावाचून इलाज नसे. जाणकार खेळाडू तेवढ्यापुरती बंदूक बाजूला सारून हातात सुरी घ्यायचा, कारण सुरी हातात असली की सेकंदाला २५० एककं एवढा वेग मिळतो. शरीराची रुंदी ३२ एककं. फट साधारण शरीराइतकीच रुंद धरली, तर खांद्याची पहिली कड दिसल्यापासून पाठीची शेवटची कड नाहीशी होईपर्यंत २५६ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे पाव सेकंद. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंतच माणसाचे दोनशेच्या आसपास खर्च होतात. उरलेल्या पन्नासेक मिलिसेकंदांत बाकीचं सगळं बसवायचं असतं.

हा पाव सेकंद सावकाश वाचण्यासारखा आहे. नेमबाजीच्या खेळांविषयी बोलताना चित्राचा वेग, अडखळ, उशीर हे विषय येतात ते तक्रारीच्या सुरातच: ‘लॅग मारतोय’, ‘एफपीएस पडले’, ‘पिंग वाढलाय’. ज्या दिवशी यातलं काहीच कानावर येत नाही त्या दिवशी पडद्यामागे जी कारागिरी अखंड चाललेली असते, तिची दाद कुणी देत नाही. ती मला द्यायची आहे.

पुण्याच्या कोथरूडमध्ये ही कारागिरी ओळखण्याचं शिक्षण सायबर कॅफेत झालं. २००० नंतरच्या दशकात पौड रस्त्याच्या आणि कर्वे पुतळ्याच्या आसपासच्या गाळ्यांत जाडजूड काचेचे मॉनिटर ओळीनं मांडलेले असत आणि एमआयटी कॉलेजची पोरं तासाच्या दरानं बसत. त्यातला दर्दी लगेच ओळखू यायचा. हेडफोन कानावर चढवण्याआधी तो कन्सोल उघडून दोनतीन ओळी टाइप करायचा. फ्रेम्सची, म्हणजे सेकंदाला घडणाऱ्या चित्रांची, मर्यादा १०१, कारण शंभर पुरत्या पडाव्यात म्हणून एक जास्तीची. सर्व्हरकडून येणाऱ्या निरोपांचा दरही १०१. मग ‘नेट ग्राफ ३’, की कोपऱ्यात आकडे चमकू लागायचे. शेवटी मॉनिटरचं रेझोल्यूशन मुद्दाम खाली आणून रिफ्रेश रेट शंभर हर्ट्झवर. चित्र ओबडधोबड झालं तरी चालेल, पण संगणक सेकंदाला जितकी चित्रं घडवतो तितकीच काचेवर उमटली पाहिजेत, हा आग्रह. काचेच्या नळीचा स्वभावही या खेळाला पोषक होता. तिच्यातला ठिपका उजळतो आणि क्षणात विझतो, त्यामुळे धावणाऱ्या माणसाची कड धारदार राहते. नंतर आलेल्या सपाट पडद्यांवर प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच तेवत राहतं, आणि त्याचा पाठलाग करणाऱ्या डोळ्याला ते फरफटल्यासारखं दिसतं. साठ हर्ट्झचे सपाट पडदे घरोघर आले तेव्हा टेबलावर जागा मोकळी झाली, पण फटीमागचा खांदा पुसट झाला. कॅफेतल्या त्या पोरांनी शंभर हर्ट्झचा हट्ट नुसत्या डोळ्याच्या साक्षीवर धरला होता, आणि त्यांचा डोळा बरोबर होता.

आता प्रश्न असा, की सेकंदाला चोवीस चित्रांत सिनेमा ओघवता दिसतो, तर खेळाला साठही अपुरी का वाटावीत? याचं उत्तर कोथरूडमध्येच पाहायला मिळण्यासारखं आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची मूळ वास्तू लॉ कॉलेज रस्त्यावर असली, तरी त्याचं दुसरं आवार इथे आहे आणि फिल्मची भांडारंही. फिल्मच्या पट्टीवर धावणाऱ्या माणसाची एकच चौकट उजेडासमोर धरा. त्याचा हात रेखीव नसतो, तो पुसट ओघळलेला असतो. कॅमेऱ्याचं झाकण साधारण १/४८ सेकंद उघडं राहतं आणि तेवढ्या वेळातली सगळी हालचाल त्या एका चौकटीत मुरते. प्रोजेक्टर तीच चौकट दोनदा उजळतो, म्हणून डोळ्याला लुकलुक जाणवत नाही. खेळातली चौकट वेगळी. तिला उघडझाप नाही. गणितानं एक क्षण पकडला, त्या क्षणी जे जिथे होतं ते तिथे रेखलं, संपलं. दोन चौकटींमधला वेळ कुठेच मुरलेला नसतो. म्हणून ती चित्रं जवळजवळ रचावी लागतात. सेकंदाला वीस फ्रेम्स पडत असतील तर आपल्या पाव सेकंदाच्या वाट्याला पाच चित्रं येतात. साठ असतील तर पंधरा, १४४ असतील तर सदतीसच्या आसपास. पाच चित्रांत माणूस उड्या मारत जातो आणि सदतिसांत धावतो. शिवाय सिनेमा तुम्हाला काही विचारत नाही, खेळ दर चौकटीला विचारतो. हा दुसरा फरक मला पहिल्याहून मोठा वाटतो, कारण फ्रेम वाढली की चित्राबरोबर तुमच्या हाताला मिळणारी उत्तरंही वाढतात.

मूकपटांच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत आणि चित्रांचा वेग मनगटावर अवलंबून असे. बोलपट आले आणि वेग चोवीसवर बांधला गेला, कारण वेग हलला की आवाजाची पट्टी हलते, आणि कान डोळ्याइतका क्षमाशील नाही. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला तो या शिस्तीतच. खेळांच्या दुनियेत तसलीच शिस्त ‘डूम’नं दाखवली. १० डिसेंबर १९९३ रोजी आलेल्या या खेळाचं घड्याळ सेकंदाला ३५ वेळा टिकटिकतं. पस्तीसच का? त्या काळचा पडदा, खेळ वापरत असलेल्या मोडमध्ये, सेकंदाला सत्तर वेळा उजळायचा. पस्तीस म्हणजे नेमका निम्मा, प्रत्येक चित्राला बरोबर दोन उजाळे. चाळीसचा मोह धरला असता, तर एखादं चित्र एकदाच उजळलं असतं आणि शेजारचं दोनदा, आणि चालणाऱ्याला सतत पायाखाली खडा आल्यासारखं वाटलं असतं. ‘डूम’चं इंजिन लिहिणाऱ्या जॉन कार्मॅकनं पाच फ्रेम्स सोडल्या आणि समता राखली. इतक्या तरुण कलेत एवढा परिपक्व निर्णय पाहिला की मला आजही कौतुक वाटतं.

पुन्हा त्या दारांकडे. डेव्हिड जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये रचलेला हा नकाशा डावपेचांसाठी वाखाणला जातो, आणि ते योग्यच आहे. पण यंत्राच्या बाजूनं पाहिलं की त्याच्या वळणांना दुसरा अर्थ लाभतो. काउंटर-स्ट्राइक ज्या हाफ-लाइफच्या इंजिनवर उभं आहे त्याचं मूळ १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये आहे, आणि क्वेकची एक युक्ती फार देखणी आहे. नकाशा तयार होतानाच संगणक तासन्‌तास बसून ठरवतो, की कुठल्या कोपऱ्यातून कुठला कोपरा दिसू शकतो. ही यादी नकाशाच्या पोटात ठेवली जाते. खेळताना तुम्ही जिथे उभे आहात तिथून जे दिसणंच शक्य नाही, ते रेखण्याचा विचारही यंत्र करत नाही. आता डस्ट टूच्या गल्ल्या आठवा. बोगदा सरळ जात नाही, काटकोनात मोडतो. लांब पल्ल्याच्या रस्त्याच्या तोंडाशी दारं आहेत आणि दोन दारांमधला भाग वळणाचा आहे. मधल्या उताराच्या तळाशी ती फट. प्रत्येक वळण शत्रूला लपवतं आणि त्याच वेळी अर्धा नकाशा यंत्राच्या डोक्यावरून उतरवतं. वास्तुरचना, डावपेच आणि चित्राचा वेग हे तिन्ही एकाच भिंतीनं साधावं, असं फार थोड्या कलाकृतींत घडतं.

या हिशेबाला तडा जायचा तो धुरानं. धुराचा गोळा फुटला की जुन्या इंजिनात अर्धपारदर्शक ढगांचे कितीतरी थर एकावर एक रेखले जात. भिंत रेखली की तिच्यामागचं सोडून देता येतं. धुरामागचं सोडता येत नाही, कारण तो आरपार आहे. एकेका ठिपक्यावर पुन:पुन्हा रंग चढवावा लागतो. धुरात शिरलात की शंभर फ्रेम्सच्या चाळीस होत, आणि नेमक्या त्याच ठिकाणी शत्रू असे. धुराला घाबरून कॅफेतली पोरं तिथे जात नसत असं नाही. धुरात फ्रेम्स पडणार हे धरून ती आधीच नेम लावून ठेवत. पुढे आलेल्या काउंटर-स्ट्राइक टूमध्ये धूर घनरूप झाला. तो खोलीच्या आकाराप्रमाणे पसरतो, गोळी गेली की त्यात क्षणभर भोक पडतं, आणि सर्व खेळाडूंना तोच, तसाच दिसतो. फ्रेम्स पाडणाऱ्या एका अडचणीचं खेळ घडवणाऱ्यांनी एक बोलकं पात्र करून टाकलं.

आता समतेकडे. हा या विषयाचा गाभा आहे आणि सरासरीचा आकडा तो झाकून ठेवतो. पहिल्या अर्ध्या सेकंदात एकोणसाठ चित्रं आली आणि साठावं चित्र उरलेला अर्धा सेकंद अडून बसलं, तरी मोजणारा म्हणणार साठ फ्रेम्स. सप्टेंबर २०११ मध्ये स्कॉट वॉसन यांनी ‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळावर हा लपलेला सेकंद उघडून दाखवला. सेकंदात किती चित्रं आली हे मोजण्याऐवजी प्रत्येक चित्राला किती मिलिसेकंद लागले, हे त्यांनी आलेखावर मांडलं. सपाट रेघ म्हणजे सुख. मधूनच वर गेलेला काटा म्हणजे तुमच्या हाताला बसलेला हिसका. तबल्यावर द्रुत लय धरणं अवघड नाही, ती पहिल्या आवर्तनापासून शेवटच्यापर्यंत तसूभर न हलवणं अवघड. आलेखाची सपाट रेघ पाहताना मला तीच साधना दिसते. म्हणूनच नव्वदवर बांधलेला आणि नव्वदलाच राहणारा खेळ मी एकशेचाळीस आणि सत्तर यांच्यात हेलकावणाऱ्या खेळापेक्षा वरचा मानतो. पुण्यात तर याला ऋतूचीही साक्ष आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा अडतीस-चाळीसला टेकतो, पंख्याखाली ठेवलेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ जातो आणि जीव वाचवण्यासाठी स्वत:चा वेग कमी करतो. थोडा थंड झाला की वाढवतो, पुन्हा तापतो. आलेखावर लाटा उमटतात. अशा वेळी फ्रेम्सची मर्यादा खाली आणून यंत्राला त्याच्या ताकदीच्या थोडं अलीकडेच थांबवावं. लाटा विरतात, रेघ ताणून धरल्यासारखी सरळ होते, आणि बंदुकीचा नेम हातात बसल्यासारखा वाटू लागतो.

अडखळीचा एक प्रकार मात्र उन्हाशी संबंध नसलेला आहे. नवा खेळ, दमदार यंत्र, आणि पहिला स्फोट होताच सगळं क्षणभर गोठतं. दुसऱ्या स्फोटाला काहीच होत नाही. कारण असं, की धूर, ठिणगी, ओली फरशी यांचे रंग कसे मिसळायचे याच्या बारीक आज्ञावल्या असतात, त्यांना शेडर म्हणतात, आणि प्रत्येक ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत त्या नव्यानं उतरवाव्या लागतात. खेळ आणि कार्ड यांना जोडणाऱ्या डायरेक्टएक्स ११ पर्यंत यातलं बरंच काम कार्डाचा ड्रायव्हर मुकाट्यानं सांभाळून घ्यायचा. २०१५ मध्ये आलेल्या डायरेक्टएक्स १२ नं ती मोकळीक आणि जबाबदारी खेळ लिहिणाऱ्याच्या हाती दिली. ज्यानं पूर्वतयारी केली नाही त्याचा खेळ ऐन स्फोटाच्या क्षणी भाषांतराला बसतो. शंभर मिलिसेकंदांची अशी एक गोठण म्हणजे सुरी घेतलेल्या माणसाची पंचवीस एककं, स्वत:च्या अंगाच्या पाऊण पट. त्यानंतर बोट हलेपर्यंत फट ओलांडून तो गेलेलाही असतो. चांगले खेळ सुरुवातीलाच ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी दाखवतात आणि लोक वैतागून ती सोडू पाहतात. सोडू नये. त्या दोन मिनिटांत यंत्र पुढच्या तासाभरातले सगळे स्फोट आधीच एकदा समजून घेत असतं.

फ्रेम घडल्यावरही ती डोळ्यांपर्यंत पोचायची असते, आणि इथे एक खोडी आहे जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. ग्राफिक्स कार्ड कामात बुडालेलं असलं की प्रोसेसर पुढची दोनतीन चित्रं आधीच आखून रांगेत उभी करतो. फ्रेम्सचा आकडा छान दिसतो, पण रांगेतलं चित्र आखताना वाचलेला माउस शिळा झालेला असतो. साठ फ्रेम्सच्या वेगानं तीन चित्रांची रांग म्हणजे पन्नास मिलिसेकंद. सुरुवातीच्या हिशेबात आपल्याकडे उरलेले पन्नासच होते. ते सगळे या रांगेत गेले. एनव्हिडियानं सप्टेंबर २०२० मध्ये ‘रिफ्लेक्स’ आणलं ते या रांगेवरचं औषध म्हणून. त्यात प्रोसेसर मुद्दाम थांबतो. कार्ड मोकळं होण्याच्या जेमतेम आधी माउस वाचतो आणि चित्र सरळ हातात देतो. उशिरा निघून लवकर पोचायचं, ही यातली खुबी, आणि ती जमण्यासाठी कार्डाला किती वेळ लागणार याचा अंदाज दर चौकटीला अचूक करावा लागतो. पडद्याच्या बाजूनं असाच समंजसपणा २०१३ मध्ये जी-सिंक या तंत्रानं दाखवला होता. तोवर पडदा आपल्या ठेक्यानं उजळायचा. पडदा अर्धा उजळला असताना नवं चित्र आलं तर वरचा भाग जुना आणि खालचा नवा अशी चीर दिसायची. ती टाळायची तर चित्राला पुढच्या ठेक्यापर्यंत ताटकळावं लागे. जी-सिंकनं पडद्याला थांबायला शिकवलं: चित्र तयार झालं की मगच उजळायचं. साध्या माउसबद्दल एवढंच सांगतो, की सेकंदाला १२५ वेळा खबर देणारा माउस आठ मिलिसेकंदांपर्यंत मागे राहू शकतो आणि हजार वेळा देणारा एकच. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजमध्ये तो साठवरच राहिलेला नाही ना, हे एकदा उघडून पाहावं. कित्येक घरांत तो साठवरच असतो.

इथवर सगळं एका टेबलावर चाललं होतं. खरी जादू तारेच्या पलीकडे आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. कोथरूडहून मुंबई दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. मधली यंत्रं धरून जाऊन-येऊन लागणारा वेळ, म्हणजे पिंग, दहाच्या आत राहू शकतो. सिंगापूर साधारण चार हजार किलोमीटर. तिथे सरळ रेषेत तार नेली तरी जाऊन-येऊन चाळीस, आणि समुद्रातल्या वळणांसह साठच्या पुढे. मुंबईत सर्व्हर येण्याआधी इथल्या पोरांच्या गोळ्या सिंगापूरमार्गे जायच्या. मग त्या खेळता कशा यायच्या?

पहिली युक्ती १९९६ च्या ‘क्वेकवर्ल्ड’मधली. तुम्ही पुढे पाऊल टाकलंत तर सर्व्हरच्या परवानगीची वाट न पाहता तुमचाच संगणक ते टाकून मोकळा होतो, सर्व्हरचं उत्तर आल्यावर ताडून पाहतो आणि चुकलं असलं तर हळूच सावरून घेतो. दोन्हीकडे चालण्याचे नियम तंतोतंत सारखे असल्यामुळे सावरायची वेळ क्वचितच येते. साठ मिलिसेकंद दूर असूनही पाय तत्काळ हलल्यासारखे वाटतात ते यामुळे. दुसरी युक्ती शत्रूसाठी. त्याच्या हालचालीचे निरोप तुकड्यातुकड्यांनी येतात. हाफ-लाइफमध्ये मूळ सेटिंगला सेकंदाला वीस. ते आले तसे दाखवले तर शत्रू उड्या मारताना दिसेल. म्हणून तुमचा संगणक त्याला मुद्दाम शंभर मिलिसेकंद जुना दाखवतो, आणि हाताशी असलेल्या दोन निरोपांमधली वाट गुळगुळीत भरून काढतो. कॅफेतली पोरं ही शंभरची उसंत दहावर आणत, कारण कॅफेच्या आतल्या जाळ्यावर, म्हणजे लॅनवर, निरोप वेळच्या वेळी येत.

आता हिशेब मांडू या. सिंगापूरचा पिंग साठ, म्हणजे एकेरी तीस. फटीत दिसणारा माणूस तीस मिलिसेकंद वाटेतला आणि शंभर मुद्दाम धरलेले, असा १३० मिलिसेकंद जुना आहे. तेवढ्या वेळात तो साडेबत्तीस एककं पुढे गेला, अंगाची एक पूर्ण रुंदी. तुम्ही चाप ओढल्याची खबर पोचायला आणखी तीस. तोवर चाळीस एककं. म्हणजे ज्याच्या छातीवर तुम्ही नेम धरला आहे तो तिथे नाहीच. नुसता न्याय लावला तर प्रत्येक गोळी वाया गेली पाहिजे, आणि सुरुवातीच्या इंटरनेटवरच्या खेळांत खरंच शत्रूच्या पुढे रिकाम्या जागेवर नेम धरावा लागे. यावरचा तोडगा हाफ-लाइफ घडवणाऱ्या व्हॉल्व्हच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सविस्तर मांडला. सर्व्हर सर्वांच्या अलीकडच्या जागा आठवणीत ठेवतो. तुमची गोळी आली की तुमचा पिंग आणि ती मुद्दाम धरलेली उसंत वजा करून तो काळ मागे नेतो, तुम्ही चाप ओढलात त्या क्षणी तुमच्या पडद्यावर जे दिसत होतं तसं सगळ्यांना उभं करतो, गोळी लागली का पाहतो, आणि मग सगळ्यांना जागच्या जागी परत आणून ठेवतो. यातली शेवटची पायरी मला फार आवडते. दहा माणसं भूतकाळात नेऊन परत आणली, आणि धावणाऱ्या एकाच्याही पावलाला धक्का लागला नाही. बारकावा आणखी असा, की ही मुभा क्षणात पोचणाऱ्या गोळीलाच आहे. हातबाँब हवेतून उडत जातो, तो वर्तमानातच राहतो. त्याला मागे नेलं तर ज्यानं तो येताना पाहून उडी मारली त्याच्यावर अन्याय होईल. कुणाला काळात मागे जाऊ द्यायचं आणि कुणाला नाही, एवढा नीतिविचार त्या नियमांत आहे.

या सवलतीची किंमत फटीमागून धावणारा मोजतो. तो भिंतीआड पोचलेला असतो, आणि तरी पडतो. ‘अरे मी आत होतो!’ ही आरोळी खरी असते. गोळी झाडणाऱ्याच्या पडद्यावर तो फटीतच होता, हेही खरं असतं. दोन सत्यांपैकी एक निवडावं लागतं आणि खेळानं झाडणाऱ्याचं निवडलं. माझ्या मते ते बरोबर आहे, कारण नेम धरणं हे कौशल्य आहे आणि दिसलेल्यावर मारलेली गोळी वाया जाणं त्या कौशल्याचा अपमान ठरला असता. पण त्यातून कोपऱ्यावरून डोकावणाऱ्याला एक फायदा मिळतो: तो बाहेर आलेला असतो आणि दबा धरलेल्याच्या पडद्यावर अजून पोचलेला नसतो. २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’नं या फायद्याशी मिलिसेकंदागणिक झुंज दिली. सेकंदाला १२८ वेळा टिकटिकणारे सर्व्हर, म्हणजे एक टिक ७.८ मिलिसेकंदांची; खेळाडूंच्या जवळ नेलेली सर्व्हरकेंद्रं, त्यात मुंबईही; आणि जुनाट यंत्रावरही निदान तीस फ्रेम्स मिळाव्यात म्हणून मुद्दाम साधी ठेवलेली चित्रशैली. त्या रंगांना कुणी बालिश म्हणतं. मला त्या सपाट भिंतींत शिस्त दिसते, कारण तिथे शत्रूवरून नजर हटवणारं फारसं काही नसतं. पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘मास्कगन’ मोबाइलवरचा असला तरी त्यालाही हेच कोडं सोडवावं लागतं, आणि तेही चालत्या बसमधल्या सिग्नलवर.

घरातल्या शेवटच्या दहा फुटांत मात्र पुष्कळदा सगळं बिघडतं. रात्री दहाला घरातल्या कुणी लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले की सातचा पिंग दीडशेवर जातो. वेग कमी पडलेला नसतो. राउटरच्या पोटात रांग लागलेली असते आणि तुमची इवलीशी गोळी भल्यामोठ्या व्हिडिओच्या मागे उभी असते. कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही रीत मांडली. रांग किती लांब आहे हे ती पाहतच नाही, रांगेत कोण किती वेळ उभं आहे हे पाहते. काही काळ सतत पाच मिलिसेकंदांहून जास्त थांबावं लागत असेल तर ती माहितीचं एखादं पाकीट टाकून देते. पाठवणाऱ्याला इशारा मिळतो आणि तो हात आखडतो. व्हिडिओ पाचदहा सेकंद उशिरा चढतो, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. लांबीऐवजी वेळ मोजायची, एवढीच कल्पना, पण तिच्यामुळे एका घरात दोघांचं काम सुखानं होतं. ज्या राउटरमध्ये ही सोय आहे तिथे ती सुरू करावी, आणि माडीवरच्या खोलीत वायफायऐवजी तार न्यावी.

२७ सप्टेंबर २०२३ रोजी काउंटर-स्ट्राइक टू आलं आणि टिकचाच प्रश्न नव्यानं मांडला गेला. सर्व्हर ६४ टिक्सवरच राहिला, म्हणजे दोन टिक्समध्ये १५.६ मिलिसेकंद. पूर्वी त्या अंतरात कुठेही चाप ओढलात तरी तो पुढच्या टिकच्या खात्यावर जमा व्हायचा. आता प्रत्येक कृतीवर तिच्या नेमक्या क्षणाचा शिक्का बसतो आणि सर्व्हर तो वाचून हिशेब करतो. यावर जाणकारांत दोन तट आहेत. बऱ्याच जुन्या खेळाडूंना खासगी सर्व्हरवरच्या १२८ टिक्सची सवय सुटत नाही. उडी मारताना, सरकून थांबताना हाताला जो एकसारखा प्रतिसाद मिळायचा तो इथे मिळत नाही असं ते म्हणतात, आणि इतकी वर्षं त्या प्रतिसादावर हात घडवलेल्यांचं म्हणणं मी हलक्यानं घेणार नाही. तरी विचार म्हणून शिक्क्याची कल्पना मला अधिक सूक्ष्म वाटते. टिक्स दुप्पट करणं म्हणजे मोजपट्टीवरच्या खुणा वाढवणं. शिक्का मारला की दोन खुणांच्या मधली जागाही मोजता येते. मात्र हाताला त्याची खात्री पटायची तर गोळीचा आवाज, नळीची ठिणगी आणि भिंतीवरचा ओरखडा हे तिन्ही त्याच शिक्का बसलेल्या क्षणी यायला हवेत. नव्या काउंटर-स्ट्राइककडे मी सध्या याच दृष्टीनं पाहतो: दर अपडेटनंतर रिकाम्या सर्व्हरवर एका भिंतीसमोर उभा राहतो, एकेक गोळी झाडतो आणि त्या तिघांमधलं अंतर डोळ्या-कानांनी चाचपतो.